बारावीनंतर मुलाने काय करावे? : शेतकरी कुटुंबासाठी एक हिशेब

मे-जून महिने आले की शेतकऱ्याच्या घरी दोन चिंता एकाच वेळी दाराशी येऊन उभ्या राहतात. एक पावसाची आणि दुसरी मुलांच्या प्रवेशाची. पहिल्या चिंतेविषयी शेतकरी दहा जणांस विचारतो. बियाणे कोणते घ्यावे, पेरणी केव्हा करावी, खताची मात्रा किती द्यावी, याची पुरती चौकशी करून मगच तो पाभर बाहेर काढतो. दुसऱ्या चिंतेच्या बाबतीत मात्र शेजाऱ्याच्या मुलाने जे केले तेच आपल्या मुलाने करावे, यापलीकडे सहसा विचार होत नाही. बियाण्याच्या एका पिशवीमागे पन्नास रुपये जास्त पडले तर जो दुकानदाराशी हुज्जत घालतो, तोच शेतकरी एक एकर जमीन विकून महाविद्यालयाचे शुल्क भरताना कागदावर एक आकडाही मांडीत नाही. वास्तविक हा खर्च पाच-पन्नास रुपयांचा नसून कुटुंबाच्या पुढील पंधरा-वीस वर्षांचा असतो. म्हणून पदवीचे शिक्षण, हातचा एखादा धंदा अगर स्वतःचा लहानसा उद्योग यांपैकी काय परवडते, याचा विचार शेतीच्या हिशेबाप्रमाणेच झाला पाहिजे.

शिकला म्हणजे नोकरी, ही समजूत कोठून आली

ही समजूत निराधार नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रम सुरू झाला, आणि गावोगाव काम करण्यासाठी शिकलेल्या तरुणांची मोठी गरज निर्माण झाली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. त्याच सुमारास सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, खरेदी-विक्री संघ व शाळा यांचा विस्तार होत होता. राहुरी येथे १९६८ मध्ये, अकोला येथे १९६९ मध्ये आणि परभणी व दापोली येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठांचे काम सुरू झाले. अशा काळात जो मुलगा शिकला त्याच्यासाठी कोठे ना कोठे खुर्ची रिकामी होती. आजच्या बापांनी व आजोबांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास बसणे स्वाभाविकच आहे.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. खुर्च्यांच्या मानाने पदवीधरांची संख्या कितीतरी पटींनी वाढली, आणि जमिनीचे तुकडे होत गेले. कृषिगणनेप्रमाणे १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे आजोबांनी मुलाच्या शिक्षणासाठी एक एकर विकला तेव्हा दहा एकरांतील एक गेला. नातवासाठी बाप एक एकर विकतो तेव्हा तीन एकरांतील एक जातो. व्यवहार तोच दिसत असला तरी त्याचे वजन तिप्पट झालेले आहे.

आणखी एक कारण उघडपणे बोलले जात नाही, परंतु पुष्कळ घरांत तेच खरे कारण असते. नोकरी नसलेल्या मुलास मुलगी कोण देईल, ही धास्ती बापाच्या मनात असते. या धास्तीस हसण्याचे कारण नाही. गावोगावची लग्ने कशी अडून राहिली आहेत हे प्रत्येकास ठाऊक आहे. मात्र नावापुढे पदवी लागली व हातात मिळकत नाही, अशा मुलाचेही लग्न अडतेच, आणि शिवाय एक एकर गेलेला असतो.

एका घरचा हिशेब

उदाहरणासाठी एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. जमीन पाच एकर. त्यांपैकी दोन एकर विहिरीखाली, उरलेली जिरायत. थोरला मुलगा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाला आहे, गुण बेताचे. धाकटी मुलगी दहावीस उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. घरात रोख शिल्लक नव्वद हजार. मुलाच्या मामाचे म्हणणे असे की, एक एकर विकून खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात पदवीसाठी प्रवेश घ्यावा. चुलत्याचे मत औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, वीजतंत्रीचा अभ्यास करावा असे आहे. आणि मुलाच्या स्वतःच्या मनात कर्ज काढून गावात डाळ मिल टाकावयाची आहे. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येक घराने त्या जागी आपापले आकडे घालावेत.

समजा, खासगी महाविद्यालयाचे शुल्क वर्षास ८० हजार आणि राहणे, जेवण, पुस्तके व प्रवास मिळून ७० हजार. वर्षाचा खर्च दीड लाख, चार वर्षांचा सहा लाख. या चार वर्षांत मुलगा काही कमावीत नाही.

आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. तालुक्याच्या गावी जाण्या-येण्याचा व इतर खर्च वर्षास ३० हजार धरला तर दोन वर्षांचे ६० हजार होतात. मुलगा घरी राहत असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ व सुटीच्या दिवशी शेतावर काम करतो. त्याने वाचविलेली मजुरी वर्षास ४० हजार, म्हणजे दोन वर्षांत ८० हजार. पुढील दोन वर्षे तो एखाद्या दुकानात हाताखाली काम करून महिना दहा हजार मिळवितो. त्याचे २ लाख ४० हजार झाले. एकंदर जमा ३ लाख २० हजार, खर्च ६० हजार. शिल्लक २ लाख ६० हजार.

चार वर्षांच्या अखेरीस एकाच्या खात्यावर सहा लाख नावे आणि दुसऱ्याच्या खात्यावर २ लाख ६० हजार जमा. अंतर ८ लाख ६० हजारांचे पडले. आता पदवीधर मुलास बियाणे अगर खताच्या कंपनीत क्षेत्र प्रतिनिधी म्हणून महिना २० हजारांची नोकरी मिळाली आणि वीजतंत्री मुलगा तोपर्यंत महिना १४ हजार मिळवू लागला, असे समजू. फरक महिन्यास सहा हजार, वर्षास ७२ हजार. ८ लाख ६० हजारांचे अंतर भरून निघण्यास जवळजवळ बारा वर्षे लागतील, आणि यात व्याज धरलेले नाही.

परंतु येथेच थांबून पदवी फुकट आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. त्याच पदवीवर महिना ४० हजारांची नोकरी मिळाली तर फरक वर्षास ३ लाख १२ हजारांचा होतो आणि सारे अंतर तीन वर्षांच्या आतच फिटते. तसेच प्रवेश खासगी महाविद्यालयाऐवजी शासकीय महाविद्यालयात मिळून चार वर्षांचा एकंदर खर्च अडीच लाखांतच भागला, तर अंतर ५ लाख १० हजारांवर येते, आणि २० हजारांच्या साध्या नोकरीतही ते सात वर्षांत भरून निघते. तात्पर्य, पदवी परवडते की नाही हे पदवीच्या नावावर अवलंबून नाही. ती कोणत्या महाविद्यालयातून, किती खर्चात घेतली आणि तिच्या पुढे खरोखर कोणते काम आहे, यावर ते ठरते. मामाने हे तीन प्रश्न विचारले नव्हते. त्यांनी फक्त जमिनीचा भाव विचारला होता.

जमीन विकण्याऐवजी शैक्षणिक कर्ज घ्यावे, असे कोणी सुचवील. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि शिक्षण चालू असता व त्यानंतर एक वर्षपर्यंत हप्ता सुरू होत नाही. जमीन हातची जात नाही, हा या मार्गाचा मोठा गुण होय. तरीही हप्ता थांबतो म्हणजे व्याज थांबते असे नव्हे. दरवर्षाच्या आरंभी दीड लाख याप्रमाणे सहा लाख उचलले आणि व्याजाचा दर सरळव्याजाने शेकडा दहा धरला, तर पाचव्या वर्षाच्या अखेरीस व्याजच २ लाख १० हजार चढते. एकंदर ८ लाख १० हजारांची फेड दहा वर्षांत करावयाची झाल्यास महिन्याचा हप्ता सुमारे १० हजार ७०० रुपये येतो. वीस हजारांच्या नोकरीतून हा हप्ता गेल्यावर शहरात खोलीभाडे देऊन काय उरेल, हे वेगळे सांगावयास नको. हे गणित कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी मुलाने स्वतः करावे; बापाने करून उपयोग नाही, कारण हप्ता मुलास भरावयाचा असतो.

पदवीनंतरची वर्षे

पदवीचा खर्च मोजणारे थोडे, आणि पदवीनंतरच्या वर्षांचा खर्च मोजणारे तर जवळजवळ कोणीच नाहीत. गावोगावची मुले पदवी घेऊन पुण्यास अगर जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी जाऊन राहतात. खोली, खानावळ, अभ्यासिका, शिकवणी असा महिन्याचा खर्च नऊ हजार धरला तर वर्षाचा १ लाख ८ हजार होतो. या काळात जी वीस हजारांची नोकरी त्याने घेतली नाही, तिचे २ लाख ४० हजार हेही तोट्याच्याच बाजूस मांडले पाहिजेत. म्हणजे तयारीचे एक वर्ष ३ लाख ४८ हजारांस पडते आणि तीन वर्षे १० लाख ४४ हजारांस. वरील उदाहरणात चार वर्षांच्या पदवीने जेवढे अंतर पडले होते, त्याहूनही हे जास्त आहे.

असे असूनही ही तयारी करू नये असे म्हणता येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांमधून शेतकऱ्यांची मुले दरवर्षी अधिकारी होतात, कृषी सेवेतही येतात, आणि त्यांच्या जिद्दीचा गावास अभिमान वाटतो तो योग्यच आहे. परंतु जागा शेकड्यांनी मोजल्या जातात आणि उमेदवार लाखांनी, ही वस्तुस्थिती गावच्या सत्कारसमारंभात सांगितली जात नाही. जो उत्तीर्ण झाला त्याचा फलक वेशीवर लागतो. जे परत आले ते रात्रीच्या गाडीने येतात. त्यांपैकी पुष्कळांचे वय तोवर अठ्ठावीस-तिशीच्या घरात गेलेले असते, हात कामास सरावलेले नसतात आणि गावात तोंड दाखविण्याचीही त्यांस लाज वाटते. हे नुकसान रुपयांत मांडता येत नाही.

म्हणून तयारीस निघण्यापूर्वीच मुदत ठरविणे अत्यंत आवश्यक होय. किती वर्षे, किती रुपये व त्यानंतर काय, हे घरात सर्वांसमक्ष बोलून एका वहीत लिहून ठेवावे. दोन प्रयत्नांत पूर्वपरीक्षेच्या पलीकडे पाऊल पडले नाही तर नोकरी करीत अभ्यास करावा, हा साधा नियम पाळला गेला तरी कितीतरी घरे वाचतील. मुदत ठरविण्यात मुलावर अविश्वास दाखविला असे होत नाही. पीककर्जासही मुदत असते.

हातचा धंदा : मोटार भरणाऱ्याचे उदाहरण

आता चुलत्याच्या सूचनेकडे वळू. कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० पासून चालू आहे. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, संधाता, डिझेल यांत्रिकी असे तिच्यातील अनेक व्यवसाय खेड्यातील गरजेचे आहेत. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा असून त्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह काम शिकता येते. मात्र आयटीआयचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे धंदा आला असे समजू नये. प्रमाणपत्राने दार उघडते; धंदा उस्तादाच्या हाताखालीच येतो.

गावातील धंदा कसा चालतो व कोठे बुडतो हे समजण्यासाठी मोटार भरण्याचे, म्हणजे रिवाइंडिंगचे, काम पाहावे. विहिरीवरील व बोअरवरील पंपाच्या मोटारी जळण्याची कारणे शेतकऱ्यांस परिचित आहेत. विजेचा दाब कमी असणे, तीनपैकी एक फेज जाणे, स्टार्टरचा ओव्हरलोड रिले बांधून ठेवणे, पाणी खाली गेले असता पंप कोरडा चालणे, ही त्यांतील मुख्य होत. जळालेली मोटार दुकानात आली की कारागीर तिची जुनी तार काढतो, वेढे मोजतो, तारेचा गेज पाहतो, खाचांत नवा इन्सुलेशन कागद घालतो, तितक्याच वेढ्यांची नवी कॉइल बसवितो आणि वार्निश देऊन ती भाजतो. पाण्यात बुडणाऱ्या मोटारींस वेगळी, प्लास्टिकचे आवरण असलेली तार लागते. हे काम नजरेचे व सबुरीचे आहे. एक वेढा चुकला तर मोटार गरम होते, पंधरा दिवसांत परत येते, आणि तिच्याबरोबर गावभर बोभाटा येतो.

या धंद्यात पैसा नाही असे नाही. समजा, रब्बी व उन्हाळी हंगामात मिळून १०० मोटारी आल्या आणि प्रत्येकीचे बिल सरासरी ४,००० रुपये झाले. त्यांत तार, कागद, वार्निश, बेअरिंग वगैरे माल २,२०० रुपयांचा. वहीत ४ लाखांचे बिल, २ लाख २० हजारांचा माल आणि १ लाख ८० हजारांची मजुरी दिसते. परंतु निम्म्या गिऱ्हाइकांनी “सुगी झाल्यावर देतो” असे सांगितले, तर हातात रोख दोनच लाख येतात. तालुक्याचा व्यापारी तांब्याची तार रोखीनेच देतो. त्याचे २ लाख २० हजार आधीच गेलेले असतात. म्हणजे वहीत पावणेदोन लाखांवर नफा असलेला कारागीर प्रत्यक्षात २० हजारांनी खिशातून रिकामा होतो. गावातील चांगल्या कारागिरांची दुकाने काम न येण्यामुळे बंद पडत नाहीत, ती उधारीने बंद पडतात. उधारी मागणारे तर भाऊबंद, सोयरे व शेजारीच असतात; त्यांना नाही म्हणणे हे मोटार भरण्यापेक्षा अवघड काम आहे. मालाचे पैसे रोख आणि मजुरी सुगीवर, अशी पाटी पहिल्याच दिवशी लावलेली बरी. जुन्या तांब्याचे मालक कोण, हेही आधीच बोलून घ्यावे. या एका बाबीवरून जितके तंटे होतात तितके बिलावरूनही होत नाहीत.

काळ कोणीकडे वळतो आहे याकडेही लक्ष असले पाहिजे. २०१९ मध्ये केंद्र शासनाची कुसुम योजना आली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. या पंपांच्या दुरुस्तीची पाच वर्षांची हमी पुरवठादार कंपनीवर असते. जेथे सौर पंप वाढतील तेथे नुसत्या मोटारी भरणाऱ्याचे काम कमी होईल, आणि कंट्रोलर, पॅनेल व त्यांची जोडणी जाणणाऱ्याचे वाढेल. आज वीजतंत्रीस जाणाऱ्या मुलाने हे पुढचे काम सुरुवातीपासूनच शिकावे. शिवाय विद्युत निरीक्षक विभागाचा रीतसर परवाना काढावा. परवान्यावाचून घरांची वायरिंग करून देणारे पुष्कळ आहेत, परंतु अपघात झाला की जबाबदारी त्यांच्याच गळ्यात येते.

धंद्याच्या वाटेने गेलेल्यास पुढे शिक्षणाचे दार बंद होते, हा समज मात्र सर्वस्वी खोटा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षास प्रवेशाची सोय आहे. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास जाता येते. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करता करता पदवी घेता येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे कमवा व शिका ही पद्धत रूढ केली, ती गरिबीमुळे करावयाची तडजोड म्हणून नव्हे, तर शिक्षणाचाच एक भाग म्हणून. खासगी शुल्काच्या या दिवसांत त्या पद्धतीची आठवण पुन्हा होणे अवश्य आहे.

स्वतःचा उद्योग

मुलाच्या मनातील डाळ मिलची कल्पना वाईट नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल विदर्भात व अन्यत्रही खेड्यांत चालते. साधारणपणे १०० किलो तुरीपासून ७० ते ७५ किलो डाळ मिळते. चुणी व टरफल जनावरांस उपयोगी पडते. प्रश्न यंत्राचा नसून भांडवलाचा व गिऱ्हाइकांचा आहे.

तूर विकत घेऊन डाळ विकावयाची ठरविल्यास पैसा मोठा अडकतो. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. त्या दराने ५० क्विंटल तुरीस ३ लाख ७७ हजार ५०० रुपये लागतात, आणि भाव उतरला तर तोटा घरात येतो. नवख्याने प्रथम मजुरीने डाळ करून द्यावी. तूर गिऱ्हाइकाची, डाळ गिऱ्हाइकाची, आपली फक्त करणावळ. त्यात नफा कमी असला तरी भावाची जोखीम नाही.

आता करणावळीवर कर्ज फिटते काय ते पाहू. यंत्र व शेड यांसाठी तीन लाखांचे कर्ज, व्याज शेकडा अकरा, मुदत पाच वर्षे. हप्ता महिना सुमारे ६,५०० रुपये, म्हणजे वर्षास ७८ हजार. क्विंटलमागे करणावळ ५०० रुपये मिळाली व त्यातून वीज, मजूर आणि तेल यांचे २०० गेले तर ३०० उरतात. नुसता हप्ता भागविण्यासाठी २६० क्विंटल तूर यावी लागेल. मुलाच्या स्वतःच्या हाती एक रुपयाही न पडता. २६० क्विंटल तुरीची डाळ सुमारे १८२ क्विंटल होते. एका घरास वर्षाकाठी ५० किलो डाळ पुरते असे धरल्यास ही डाळ ३६४ घरांची झाली. गावात तितकी घरे आहेत काय? असल्यास त्यांतील किती घरी तूर पिकते? शेजारच्या गावात आधीच मिल आहे काय? हे प्रश्न बँकेचा अधिकारी विचारो वा न विचारो, मुलाने रविवारच्या एका फेरीत दारोदार जाऊन विचारावेत. ज्या उद्योगाची चौकशी करण्यासच लाज वाटते तो उद्योग करू नये.

अनुदानाविषयी एक इशारा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. त्यात ग्रामीण भागातील सर्वसाधारण गटास प्रकल्पखर्चाच्या शेकडा २५ व विशेष गटांस शेकडा ३५ अनुदान ठेवण्यात आले. परंतु ती रक्कम उद्योजकाच्या हाती रोख येत नाही. ती बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीत राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळती होते. अनुदानाचा आकडा पाहून उद्योग निवडणारा मनुष्य अनुदान संपताच उद्योगासह संपतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

काही उद्योगांत पदवी हेच भांडवल असते, हेही लक्षात ठेवावे. कीटकनाशकांच्या विक्रीच्या परवान्यास शेतकी अगर तत्संबंधी शास्त्रातील शिक्षणाची अट आहे. कृषी पदवीधरांसाठी २००२ मध्ये ‘अॅग्री-क्लिनिक व अॅग्री-बिझनेस केंद्र’ योजना निघाली. तीत ४५ दिवसांचे विनामूल्य प्रशिक्षण व कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवण्यात आले. ज्यांस पदवी नाही अशा तरुणांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे राहण्या-जेवणाच्या सोयीसह मोफत शिक्षण मिळते. कर्ज काढण्यापूर्वी तेथील एक अभ्यासवर्ग करून पाहावा. आवड खरी आहे की नुसती हौस आहे, हे पंधरा-वीस दिवसांत कळते.

मुलीचा आकडा

वरील घरी गावपातळीवरील कार्यकर्ता वही घेऊन बसला, असे समजू. मुलाचे तिन्ही हिशेब मांडून झाल्यावर तो विचारतो, “आबा, आणि ताईचे काय? तिचे गुण तर दादापेक्षा जास्त आहेत.”

“तिचे काय, साहेब? तिच्या लग्नाचे बघतोच आहे की. दोन-तीन लाख बाजूला ठेवावे लागतील.”

“म्हणजे तिचा आकडा वहीत आहे. फक्त शिक्षणाच्या रकान्यात नाही.”

पुष्कळ घरांत हे असेच असते. मुलाच्या पदवीस जमीन विकावयाची तयारी असते आणि मुलीचे अधिक गुण मोजलेही जात नाहीत. शुद्ध हिशेबानेच पाहिले तरी जेथे गुण जास्त तेथे शासकीय महाविद्यालयात प्रवेशाचा संभव जास्त, आणि म्हणून खर्च कमी. शिवाय महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या वर्षापासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास गटांतील कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. या उदाहरणातील घरात पदवी कोणास परवडते याचे उत्तर स्पष्ट आहे. ती मुलीस परवडते. मुलाने वीजतंत्री व्हावे, दोन वर्षे हाताखाली काम करावे आणि मग डाळ मिलचा विचार करावा. तोपर्यंत मिलची मोटार भरणेही त्यास येत असेल. एकर विकू नये. दुसऱ्या घरी, जेथे मुलाचे गुण उत्तम असून शासकीय महाविद्यालयात जागा मिळते, तेथे याच वहीतून उलट उत्तर निघेल.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीच्या ज्ञानाचा समावेश असावा असे सुचविले होते. जे शिकावयाचे ते उपजीविकेशी जोडलेले असावे ही मागणी इतकी जुनी आहे.

कागदपत्रे

प्रवेशाच्या वेळी होणारी धावपळ बहुधा कागदांमुळे होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला व जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी निकालापूर्वीच, मार्च-एप्रिलमध्ये करावी. जून उजाडल्यावर सेतू केंद्रावर रांगा लागतात. जातवैधतेस सर्वांत अधिक वेळ लागतो, म्हणून तिचा अर्ज अकरावीतच टाकावा. अल्पभूधारक व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिच्यासाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला काढून ठेवावा. महाविद्यालय खासगी असल्यास ते कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि आयटीआय खासगी असल्यास हव्या त्या व्यवसायास मान्यता आहे काय, याचा लेखी पुरावा शुल्क भरण्यापूर्वी पाहावा. पावतीवाचून एक रुपयाही देऊ नये. प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, हे लिहून घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एप्रिलमधील एखाद्या ग्रामसभेत दहावी व बारावीच्या मुलांच्या पालकांस ही यादी वाचून दाखवावी, आणि आधीच्या चार वर्षांत गावातून बाहेर पडलेल्या मुला-मुलींपैकी दोघा-तिघांस, त्यांत परत आलेला एखादाही असावा, आपला खर्च व मिळकत सांगण्यास बोलवावे.